कासवरचा अंधार वाचवता येईल का? (वनजमीन, गायरान आणि हायमास्ट)

रानवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळत होतं, आज लिहून टाकतो. जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

गेल्या अमावस्येला भाचीला घेऊन कासला गेलो होतो. पाचवीत आहे. पुस्तकात आकाशगंगेचा फोटो बघितला आणि मामा हे खरंच असं दिसतं का म्हणून महिनाभर मागं लागलेली. म्हटलं साताऱ्यात राहून एवढं दाखवता येऊ नये म्हणजे काय. या दिवसांत आकाशगंगेचा दाट पट्टा, वृश्चिक-धनुकडचा, पहाटेच वर येतो, म्हणून पेट्रीला ओळखीच्यांकडं मुक्काम केला आणि चार वाजता उठून पठाराशेजारी रस्त्याच्या कडेला जाऊन थांबलो. दहा-पंधरा मिनिटं डोळे सरावले आणि पोरगी म्हणाली, मामा, उजाडायला लागलं की. घड्याळात साडेचार. ते उजाडत नव्हतं, पूर्वेपासून आग्नेयेपर्यंत जो पांढुरका उजेड चढला होता तो सातारा शहर आणि हायवेचा होता, आणि नेमकी त्याच बाजूला आकाशगंगा उगवते. त्यात रस्त्याच्या खालच्या अंगाला एका रिसॉर्टनं झाडांच्या बुंध्याशी दिवे पुरून त्यांची तोंडं आभाळाकडं केलीत, वर एक फिरता झोत पण आहे. पट्टा दिसला, नाही असं नाही, पण फडक्यानं पुसल्यासारखा.

मी तिच्याएवढा असताना आजोबांबरोबर बामणोलीकडं पाहुण्यांच्या गावाला जायचो. एसटीतून उतरून वाडीपर्यंतची वाट चांदण्यांच्या उजेडात दिसायची, चंद्र नसताना. हे आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

माझा प्रश्न असा आहे. पठार वनखात्याचं, तलाव साताऱ्याच्या नगरपालिकेचा, रस्ता बांधकाम खात्याचा, आजूबाजूला बरंच गायरान. म्हणजे यातली बरीचशी जमीन सरकारी, आपल्या सगळ्यांची. तिथलं फूल तोडलं तर दंड होतो, मग तिथला अंधार घालवला तर कुणीच का विचारत नाही? नागपूरकडं पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचा अंधार राखलेल्या जागेचा, दर्जा मिळाला, देशातलं पहिलं, आणि तेही महाराष्ट्रातलंच. आपल्याकडं कास, कोयना, चांदोली एवढा सलग पट्टा आहे, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० पासून आहे. इथं का होऊ नये?

कंदीपेढा

भाचीला आधी शाबासकी द्या माझ्याकडून. पहाटे चारला उठणारं पाचवीतलं पोरगं साताऱ्यात अजून आहे हीच मोठी बातमी.

वाईकर_दुर्बीण

रानवाट, मनातलं लिहिलंत. मी गेली तीसेक वर्षं आभाळ बघतोय, दुर्बीण पण आहे. १९९७ ला हेल-बॉप धूमकेतू मी वाईत घराच्या गच्चीवरून बघितलाय, गल्लीतल्या म्हाताऱ्या पण बघत होत्या, कुणाला बोट करून दाखवावं लागलं नाही. ऑक्टोबर २०२४ ला त्सुचिनशान-अ‍ॅटलास आला तेव्हा मुद्दाम यवतेश्वरच्या पुढं जाऊन उभा राहिलो, तर मोबाईलच्या फोटोत शेपटी दिसते आणि डोळ्याला नुसता संशय.

आभाळ किती काळं आहे ते सांगायला बॉर्टल पट्टी वापरतात, १ म्हणजे अगदी निखळ अंधार, ९ म्हणजे मोठ्या शहराचा मध्य. जॉन बॉर्टल नावाच्या अमेरिकन हौशी निरीक्षकानं २००१ ला ती मांडली. आकडा राहू दे, घरच्या घरी करायची परीक्षा सांगतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस मावळून सव्वा-दीड तास झाला की पश्चिमेला क्षितिजापासून वर निमुळता होत जाणारा फिकट उजेडाचा शंकू दिसतो का बघा. तो गावाचा उजेड नाही, सूर्याभोवतीच्या धुळीवरून परतणारा प्रकाश आहे, राशिचक्र प्रकाश म्हणतात. कासच्या पश्चिमेला कोयनेचं पाणी, जंगल आणि त्यापलीकडं कोकणचा उतार, त्यामुळं त्या बाजूला तो अजून दिसतो. पूर्वेला तोंड केलं की निराशा.

आणि आपल्याला दक्षिणेचं आभाळ मिळतं हे लोकांच्या लक्षात येत नाही. आपण साडेसतरा अंश उत्तर अक्षांशावर आहोत. अगस्तीचा तारा आपल्याकडं क्षितिजापासून जेमतेम वीस अंश वर येतो, त्रिशंकूच्या चांदण्या तर बारा-तेरा अंशच. युरोपातल्या लोकांना यातलं बहुतेक दिसतच नाही. पण जे क्षितिजाजवळ असतं ते उजेडात सगळ्यात आधी मरतं. कराड-कोल्हापूरकडचा उजेड दहा-पंधरा अंश चढला की त्रिशंकू गेला.

घाटमाथा

वाईकर काका एक दुरुस्ती, हेल-बॉप आणि २०२४ चा धूमकेतू सारखे तेजस्वी नव्हते, हेल-बॉप महिनोन्महिने ठळक होता. तुलना अगदी बरोबरीची नाही. पण मुद्दा मान्य आहे.

वाईकर_दुर्बीण

बरोबर बोललात, मान्य. सगळा दोष दिव्यांवर टाकायला नको होता.

वाडीवरची

मी पाटण तालुक्यातली, वाडीचं नाव सांगत नाही. तुमचं सगळं वाचलं, वाईट मानू नका पण थोडं कडू बोलते. अंधार छान वाटतो तो एक रात्र मुक्कामाला आलेल्याला. आमच्या वाडीला दिवे आले तेव्हा मी शाळेत होते. त्याआधी संध्याकाळनंतर बाईमाणसानं परसाकडं जायचं म्हणजे काय असायचं ते तुम्हाला आजोबांनी सांगितलं नसेल. माझ्या चुलतीला अंगणात घोणस चावली, अंधारात दिसलीच नाही. वाचली, पण पायाचं कायमचं झालं. आता कुठं चौकात हायमास्ट लागलाय, बायका रात्री भजनाला एकट्या जातात येतात. आता शहरातनं कुणीतरी येणार आणि म्हणणार चांदण्या दिसत नाहीत, दिवे काढा. आधी धरणाला जमिनी दिल्या, मग वाघाला जंगल दिलं, आता चांदण्यांना उजेड द्यायचा का आम्हीच?

ऊसपट्टा_शिराळा

ताईंशी १०० टक्के सहमत. आमच्याकडं शेतीची लाईट आठवड्यात निम्मे दिवस रात्रीची असते, रात्री दोनला उठून उसात पाणी पाजायला जायचं, हातात बॅटरी आणि कानात बिबट्या. अंधाराचं संवर्धन आम्ही रोजच करतोय मालक, वेगळा दर्जा नको.

रानवाट

वाडीवरची ताई, अजिबात वाईट मानलं नाही, उलट तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये तुमची वाडी कुठंच नव्हती हे आता वाचताना मलाच दिसतंय. दिवे काढा असं मला म्हणायचं नाही, कुणाच्या दारातला तर नाहीच नाही. मला खटकला तो झाडाखालून आभाळात मारलेला उजेड, जो ना कुणाला साप दाखवतो ना वाट. पण हायमास्टबद्दल काय करायचं ते मलाही नीट माहीत नाही, इथं कुणी जाणकार असेल तर सांगा.

वायरमन_३फेज

जाणकार आलाय. बावीस वर्षं खांबावर चढतोय, त्यातली बरीच गावांच्या दिवाबत्तीत गेली.

हायमास्ट म्हणजे बारा-सोळा मीटरचा खांब, वर चारी बाजूंनी फ्लड, म्हणजे झोताचे मोठे दिवे. फंडातनं येतो, उद्घाटन होतं, फोटो निघतो. बसवणारा फ्लडचं तोंड ४५ अंशात करून जातो, कारण लांबनं दिसला पाहिजे. झालं असं की निम्मा उजेड चौकात पडतच नाही, तो शेजारच्या गावाला आणि आभाळाला जातो. आणि ताई तुम्ही स्वतः करून बघा, हायमास्टखाली पाच मिनिटं थांबा आणि मग उजेडाच्या कडेबाहेर वाटेला लागा, काही दिसतं का? डोळ्याची बाहुली बारीक झालेली असते, अंधाराला पुरतं सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटं लागतात. साप त्या कडेबाहेरच असतो. एका हायमास्टच्या पैशात वाडीच्या वाटेवर बुटके खांब घालून पंधरा-वीस वॅटचे दिवे लागतील, खाली तोंड करून, पायाखालचं दिसेल असे.

फिटिंग घेताना चपटी काच बघायची, फुगीर नको. खांबाच्या दांड्याला बाक असतो त्यात फिटिंग जमिनीला सपाट बसली पाहिजे, लांबून बघितलं तर दिवा दिसायला नको, दिव्याखालचा रस्ता दिसायला पाहिजे. ही साधी ओळख आहे, लहान पोराला पण कळते.

दुसरं, रंग. टेंडरमध्ये सगळीकडं पांढरे फट्ट ६५०० केल्विनचे एलईडी येतात (केल्विन हा उजेडाच्या रंगाचा आकडा, जेवढा कमी तेवढा पिवळा). पूर्वी पिवळे सोडियम होते ते आठवतात ना? २०१५ नंतर एलईडी आले, बिल कमी झालं ते चांगलंच झालं, पण सोबत निळा उजेड आला. निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, दिवसा आभाळ निळं दिसतं ते त्यामुळंच. ४५० नॅनोमीटरचा निळा हा ६०० च्या नारिंगीपेक्षा तिप्पट विखुरतो. म्हणून २७००-३००० केल्विनचा वॉर्म व्हाईट मागायचा, शक्यतो त्याच्यापेक्षा पिवळा. तेवढ्याच किमतीत मिळतो, फक्त मागायला लागतो. मागतच नाही कोण.

कंदीपेढा

वायरमनभाऊ, तुम्हाला सरपंच करा असा ठराव मांडतो.

वायरमन_३फेज

नको, खांबावर बरा आहे, वरनं सगळं गाव दिसतं.

ऊसपट्टा_शिराळा

वायरमन साहेब बरोबर बोलले बरं का. आमच्या चौकातल्या हायमास्टखालनं बिबट्या निवांत चालत गेलेला सीसीटीव्हीत आलाय, दोन कुत्री नेली त्यानं. म्हणजे उजेडाला भिऊन येत नाही असं काय नाय, कुत्री आणि उकिरडा असला की येतो तो. तरी पण शेतात जाताना मला उजेड पाहिजेच. डोक्याला बांधायची बॅटरी वापरतो आता, लाल उजेडाची पण असते त्यात, साप नीट दिसत नाही त्यात म्हणून पांढराच लावतो.

जत_दुष्काळी

सगळे कास कास करताय म्हणून आलो. भावांनो कासवर जून ते सप्टेंबर पाऊस, ऑक्टोबरपर्यंत धुकं, नंतर फेब्रुवारीपासून वणव्याचा धूर. वर्षात किती रात्री निखळ मिळतात तुम्हाला? आमच्या जतला या. पाऊसच नाही तर ढग कुठनं येणार. कर्नाटकच्या अंगाला माळावर उभं राहिलं की चारी बाजूनं जमिनीपर्यंत चांदण्या. डोंगर आडवा येत नाही, दरी नाही, रिसॉर्ट नाही. गायरान एवढं पडून आहे, कायतरी चांगल्या कारणासाठी वापरा. दुष्काळानं आम्हाला एक गोष्ट फुकट दिलीय ती म्हणजे हे आभाळ.

मिरजेचा_सतारवाला

जतकरांना दुजोरा. आम्ही मित्र आधी दंडोबाच्या डोंगरावर जायचो, वनखात्याचीच जागा. आता तिथून पश्चिमेला मिरज-सांगलीचा उजेड एवढा की खाली पेपर वाचेल कुणी. गेल्या डिसेंबरला मिथुन राशीतला उल्कावर्षाव बघायला, १३-१४ तारखेला असतो तो, थेट जतपलीकडं गेलो. दोन तासांत मोजता मोजता ऐंशीच्या वर गेले. दंडोबावर आदल्या वर्षी वीस पण नव्हते, अर्थात तेव्हा चांदणं पण होतं.

माणदेशी_मेंढरं

जतचं आणि आमचं आभाळ एकच आहे. धागा खगोलवाल्यांचा आहे, मी धनगराचा पोर, पण लिहितो.

आमचा आजा मेंढरं घेऊन दिवाळीनंतर घाट उतरायचा, कोकणात किंवा नदीकाठाला, आणि पावसाच्या तोंडावर माघारी. सहा-सात महिने छप्पर म्हणून आभाळच. घड्याळ कधी नव्हतं त्याच्याकडं. तिकांडं कुठं आलंय बघून वेळ सांगायचा. तिकांडं म्हणजे मृगातले तीन ओळीनं असतात ते. तिकांडं कललं की पहारा बदलायचा, शुक्राची चांदणी वर आली की मेंढरं उठवायची. कृत्तिकांना पुंजका म्हणायचा. आणि सप्तर्षी हे नाव त्याला माहीतच नव्हतं, त्याच्यासाठी ती म्हातारीची बाज. चार खूर बाजेचे आणि मागं तीन चोर. म्हातारी बाजेवर झोपलेली, चोर खूर चोरायला आलेत, ती जागी असते म्हणून त्यांना जमत नाही, म्हणून ते रातभर फिरतात. एवढी गोष्ट सांगून झोपवायचा आम्हाला.

आता माझा मुलगा आठवीत आहे. त्याला मोबाईलच्या ॲपमध्ये तिकांडं शोधून दाखवलं. आभाळात दाखवायला जागा शोधत होतो, दारात खांब आहे. मला ते फार लागलं. मेंढरं गेली, वाड्यावरचं जगणं गेलं, ते जाणारच होतं, पण वर बघून गोष्ट सांगायची एवढंच राहिलं होतं माझ्याकडं द्यायला.

वाईकर_दुर्बीण

हे वाचून गप्प झालो. आमच्याकडं पण बाज आणि तीन चोरच होते. आमची आजी म्हणायची तिसऱ्या चोराच्या कमरेला कुत्रं बांधलंय. शेपटीतल्या मधल्या ताऱ्याजवळ बारीक तारा आहे, वसिष्ठाजवळची अरुंधती, तेच ते कुत्रं असणार. तिसरा का मधला, आजी चुकली असेल किंवा मी.

वाडीवरची

आमच्यात पण बाज म्हणतात. माझ्या आईनं सांगितलेलं. विसरलेच होते.

तासगाव_ड्रॅगन

द्राक्ष काढून दोन एकर ड्रॅगन फ्रूट केलंय. धागा वाचून पोटात गोळा आला, कारण थंडीत माझ्या रानात रात्रीचे चार तास शेकडो बल्ब चालू असतात. कारण सांगतो. ड्रॅगनला दिवस मोठा लागतो, थंडीत दिवस लहान म्हणून फूल धरत नाही, मग रात्री उजेड देऊन झाडाला दिवस मोठा आहे असं भासवायचं, बिगर हंगामात माल निघतो, दर दुप्पट-तिप्पट. शेवंतीवाले उलट करतात, तिला लहान दिवसात फूल येतं म्हणून उजेड देऊन फूल लांबवतात. आता आमच्यावर पण बंदी आणणार का?

रानवाट

नाही हो दादा. तुमचं रान हे तुमचं पोट आहे. आणि धागा सरकारी जमिनीवरच्या आभाळाबद्दल आहे. पण ही माहिती माझ्यासाठी एकदम नवीन आहे, रोपाला पण रात्र मोजता येते हे तुम्ही जितकं सोपं सांगितलं तितकं पुस्तकात नव्हतं. जे तुमच्या ड्रॅगनला कळतं ते पठारावरच्या झाडांना पण कळत असणार ना, तिथं कुणी मुद्दाम उजेड देत नाहीये, नुसता सांडतोय.

वायरमन_३फेज

तासगावकर, बल्बला वरनं पत्र्याची टोपी घाला. उजेड झाडावर पडेल, आभाळाला जाणार नाही. कदाचित कमी वॅटमध्ये भागेल, बिल वाचेल.

तासगाव_ड्रॅगन

हे पटलं. चार ओळींना घालून बघतो.

किडामुंगी

मी वनस्पती-कीटक बघणारी, कासला दर वर्षी जाते. चांदण्यांइतकाच महत्त्वाचा भाग राहिला म्हणून लिहिते. मेअखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत कोयना, बामणोली भागात काजवे असतात. काजव्याचं लुकलुकणं म्हणजे नर-मादीचं बोलणं आहे. नर उडत खूण करतो, मादी खालून उत्तर देते. शेजारी हॅलोजन असला की उत्तर दिसत नाही, जोडी जमत नाही, पुढच्या वर्षी तिथं काजवे कमी. कुणी मारत नाही, नुसतं बोलणं ऐकू येत नाही त्यांना. पतंग दिव्याभोवती फिरून फिरून दमून मरतात, आणि रात्री उमलणाऱ्या फुलांचं परागीभवन तेच करतात. पठाराजवळ रस्त्यावर बसणारा रातवा पक्षी, चुक चुक चुक असा आवाज काढणारा, त्याला गाडीच्या प्रखर दिव्यात काही सुचत नाही आणि चाकाखाली येतो, मी स्वतः दोनदा मेलेला उचललाय.

कोकणात वेळासला गावकरी कासवांची पिल्लं जपतात, आणि ती पिल्लं उजेडाकडं चालत जातात म्हणून किनाऱ्यावर उजेड नको असतो. तिथं कासवं जपायचं गावाला पटलं. वाडीवरची ताई म्हणतात ते शंभर टक्के खरं, पटवल्याशिवाय काही होत नाही.

घाटमाथा

मला वेगळीच भीती आहे. दर्जा मिळाला की काय होतं ते कासनं बघितलंय. २०१२ ला पश्चिम घाट युनेस्कोच्या यादीत गेला, कासचं नाव झालं, आणि सुट्टीच्या दिवशी घाटात गाड्यांची रांग. फुलं तुडवली म्हणून जाळीचं कुंपण आलं, मग कुंपणानं नुकसान होतंय म्हणून ते काढायची पाळी. आता डार्क स्काय म्हणून नाव झालं तर अमावस्येला तंबू, शेकोट्या, डीजे, ड्रोन. अंधार बघायला पाचशे गाड्या हेडलाईट लावून येतील. माझं मत, दर्जा नको, गपचूप दिवे खाली करा.

वाईकर_दुर्बीण

घाटमाथा, भीती खरी आहे पण लडाखचं उदाहरण बघा. हानले. तिथं दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे, साडेचार हजार मीटर उंचीवर, आणि डिसेंबर २०२२ ला आजूबाजूचा हजारावर चौरस किलोमीटर भाग डार्क स्काय रिझर्व्ह म्हणून जाहीर झाला. तो चांगथांग अभयारण्याचाच भाग. त्यांनी काय केलं, गावातल्याच पोरापोरींना दुर्बिणी दिल्या, शिकवलं, पाहुण्यांना आभाळ तेच दाखवतात आणि पैसे त्यांना मिळतात. घरांच्या खिडक्यांना जाड पडदे, गाड्यांनी रात्री दिवे मंद करायचे. अंधारातून कमाई गावाची, म्हणून राखतं पण गाव. पेंचला पण आसपासच्या गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली तोंडाचे केले, तो खर्च सरकारी निधीतून झाला, गावकऱ्याच्या खिशातून नाही.

आणि रानवाटांच्या फिरत्या झोताबद्दल. अमेरिकेत ॲरिझोनात फ्लॅगस्टाफ नावाचं गाव आहे, तिथल्याच वेधशाळेतून १९३० ला प्लूटो सापडला. त्या गावानं १९५८ ला नियम केला की जाहिरातीसाठी आभाळात झोत मारायचा नाही. तिथली पहिली बंदी नेमकी आपल्या रिसॉर्टसारख्या गोष्टीवर होती. पुढं २००१ ला जगातलं पहिलं डार्क स्काय शहर तेच ठरलं, आणि २००७ ला युटामधलं नॅचरल ब्रिजेस हे पहिलं डार्क स्काय पार्क, ती सरकारी जमीनच. एवढी वर्षं लागतात, पण सुरुवात एका झोतापासून झाली.

घाटमाथा

हे माहीत नव्हतं. झोताबद्दल मी तुमच्या बाजूनं. दर्जाबद्दल अजून नाही.

नि_ग्रामसेवक

मी निवृत्त ग्रामसेवक. चर्चा चांगली चाललीय, पण कागदाचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितो.

आवाजासाठी २००० सालचे नियम आहेत, रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, पोलिसांना सांगता येतं. उजेडासाठी असा स्वतंत्र कायदा आपल्या देशात नाही. म्हणून तक्रार कुठं करायची हा प्रश्न रिकामाच राहतो. पण गावाच्या हातात काही नाही असं समजू नका. दिवाबत्ती हे ग्रामपंचायतीचं काम आहे. कोणता दिवा, किती वॅट, कुठं तोंड, रात्री किती वाजता मंद करायचा, हे ग्रामसभा ठरवू शकते. रिसॉर्ट, तंबूवाले यांना ना-हरकत देताना अट घालता येते, आभाळाकडं दिवा नको, अकरानंतर बाहेरचे दिवे बंद. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक गावात समिती असायला हवी आणि नोंदवही असते, त्यात काजवे, रातवा, पतंग आणि रात्रीचा अंधार यांची नोंद घाला, उद्या कुणी मोठा प्रकल्प घेऊन आला तर दाखवायला कागद पाहिजे. नवीन महाबळेश्वर या गिरिस्थान प्रकल्पाचं चाललेलंच आहे, तो आराखडा होताना रस्त्याच्या दिव्यांचं कलम आताच मागा, नंतर खांब उभे राहिल्यावर नाही.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. १ मे जवळ आहे. ठरावाचा मसुदा कुणाला हवा असेल तर लिहून देतो. एक सांगतो, ठरावात अंधार हा शब्द घालू नका, गाव घाबरतं. "वाटेवर पुरेसा व खाली पडणारा उजेड" असं लिहा. बिल कमी होईल हे पहिल्या ओळीत.

वाडीवरची

काका मला मसुदा पाठवा. हायमास्टच्या बिलावरनं आमच्याकडं तशीही भांडणं आहेत, थकलंय ते. वाटेवर बुटके दिवे हे मला पहिल्यांदाच कुणीतरी सुचवलं. नळापासून मंदिरापर्यंत आणि शाळेच्या मागच्या वाटेला हवेत, तिथं हायमास्टचा उजेड पोचतच नाही.

जत_दुष्काळी

मला पण पाठवा काका. आणि जतला कोण येणार ते सांगा, नुसतं कासचं नका करू.

मिरजेचा_सतारवाला

मी येतो, जेवणाचं बघा. हुरडा संपला असेल आता.

जत_दुष्काळी

हुरडा संपला. बाजरीची भाकरी, खर्डा आणि आभाळ.

रानवाट

बरेच दिवसांनी वर काढतोय धागा. त्या रिसॉर्टच्या मालकांना भेटलो. भांडायला गेलो नव्हतो, भाचीला घेऊन गेलो होतो, तिनंच सांगितलं की आम्हाला उजाडल्यासारखं वाटलं. त्यांनी फिरता झोत बंद केलाय. झाडाखालचे दिवे अजून आहेत, पाहुण्यांना फोटोला लागतात म्हणाले, निदान अकराला बंद करतो म्हणालेत. दोन अमावस्या जाऊन बघून आलो, एकदा बंद होते, एकदा चालू होते. वनखात्याच्या कार्यालयात पण अर्ज दिलाय, पोच घेतलीय, उत्तर आलेलं नाही. नि_ग्रामसेवक काकांच्या मसुद्यावर पेट्रीच्या ओळखीच्यांनी सह्या गोळा केल्यात. पूर्वेचा उजेड आहे तसाच आहे, तो शहराचा आहे, त्याला नगरपालिकेकडं जावं लागणार, घाटमाथा तुम्ही साताऱ्यातलेच ना, याल का बरोबर?

घाटमाथा

येतो. सोमवार सोडून कधीही.

तासगाव_ड्रॅगन

टोपी घातलेल्या ओळींना फूल तेवढंच आलं. येत्या थंडीत सगळ्यांना घालणार.

वाडीवरची

१ मेला ठराव झाला. सहज नाही झाला, दोन तास गेले. हायमास्ट काढलेला नाही, बायकांनीच काढू दिला नाही, मी पण नाही म्हणाले. पण चारपैकी दोन फ्लड काढले, उरलेल्यांची तोंडं खाली केली आणि निघालेले दोन खर्चाला वळते करून वाटेला सात बुटके दिवे लागले, पिवळे. वायरमनदादा तुम्ही सांगितलेला दांड्याचा बाक दाखवूनच बसवून घेतले. चुलती शाळेच्या वाटेनं काल एकटी आली.

रात्री पोरं अंगणात झोपतात आता. काल थोरल्याला बाज दाखवली, लगेच सापडली, तीन चोर पण मोजले. कुत्रं काही दिसलं नाही. तिकांडं शोधत होतो तर ते पश्चिमेला डोंगरात टेकलेलं. पुढच्या महिन्यात दिसेल का?

माणदेशी_मेंढरं

नाही ताई, आता गेलं ते. आषाढात पहाटे उगवतं पण पावसात कुठलं दिसायला. दिवाळीत रात्री साडेदहाला पूर्वेला बघा, उभं उगवतं, मृगाच्या पोटात. बाज मात्र आत्ता उत्तरेला चांगली वर आहे, आणि कुत्र्यासाठी मधल्या चोराकडं बघा, एकटक नको, जरा बाजूला नजर ठेवून.

वाडीवरची

दिसलं. मधल्यालाच आहे.